नेलपॉलिश आणि नेमप्लेट

माझ्या टेबलाच्या खणात नेलपॉलिशची एक बाटली आहे. लाल, तुळशीबागेतून आणलेली. ती मी आजवर एकदाही नखाला लावलेली नाही. तिच्या ब्रशचे केस ब्लेडनं कापत कापत चार-पाचांवर आणलेत आणि त्या केसांनी मी १९९८ सालच्या एका प्रोसेसरच्या सोनेरी पट्ट्यांवर ठिपके देते. पट्टी जेमतेम मिलिमीटरभर रुंद. ठिपका शेजारणीवर ओघळला की रिमूव्हरनं सगळं पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. वाळला की मल्टिमीटरची टोकं टेकवून बघायचं, पट्टी खरंच झाकली गेलीय का. पहिल्या हातात कधीच झाकली जात नाही. दुसरा हात द्यावाच लागतो.

आप्पा समोरच्या खुर्चीत बसून हे बघत असतात. वय ७८. हात थरथरतात, त्यामुळं सोल्डरिंग आयर्न मी त्यांच्या हाती देत नाही, आणि त्याचा त्यांना राग आहे. बाटली पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाले, "आमच्यात ह्याला वार्निश म्हणत्यात. आम्ही बादलीनं वापरायचो."

इचलकरंजीत आप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. गावभर यंत्रमाग, मागाला मोटार, त्यामुळं जळकी मोटार हे आमच्या घरचं पीक. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढायची, तापायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची. शाळेतून आल्यावर जळकी तार उपसायचं काम माझ्याकडे. आप्पा नवी कॉइल घालायचे, स्लॉटात कागद सरकवायचे, दोऱ्यानं बांधून वार्निशमध्ये बुडवायचे आणि भट्टीत वाळवायचे. प्रत्येक मोटारीची नोंद एका लांबट वहीत: वेढे किती, तार कितव्या गेजची, पिच काय. ती वही म्हणजे आमची सातबाऱ्याइतकी महत्त्वाची चीज.

दोन गोष्टी त्यांनी माझ्या डोक्यात कायमच्या ठोकल्या. एक, मोटार तापानं मरते. इन्सुलेशनचा ताप दहा अंशांनी वाढला की आयुष्य निम्मं. हा नियम वायंडिंगवाल्या पोरासोरांनाही तोंडपाठ असतो. दुसरी गोष्ट नेमप्लेटची. मोटारीच्या अंगावर रिव्हेट मारलेली ती पत्र्याची पट्टी म्हणजे कारखान्यानं दिलेला शब्द. "एक एचपी लिहिलंय म्हंजे एकच. सव्वा वढायला सांगितलंस तर वढंल. न्हाई म्हणणार न्हाई. पर कधीतरी वसूल करंल."

आणि मी काय करते? मी फावल्या वेळात जुन्या चिप्सना नेमप्लेटच्या पावणेदोन पट ओढायला लावते. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

हे खूळ घरात कसं आलं ते सांगते. ते चक्क बिलावर आलं. २००० साली मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा आप्पांनी कोल्हापुरातल्या एका दुकानदाराकडून कॉम्प्युटर असेंबल करून आणला. बिल अजून आहे, कार्बनच्या निळ्या अक्षरात: सेलेरॉन ४५०, ६४ एमबी रॅम. सेलेरॉन हा इंटेलचा प्रोसेसर, आणि ४५० हा त्याचा मेगाहर्ट्झमधला वेग. वर्षभरानं धूळ काढायला मी कॅबिनेट उघडलं. त्या काळचा हा प्रोसेसर आजच्यासारखा सपाट चौकोन नव्हता. पुस्तक उभं ठेवावं तसं एक कार्ड मदरबोर्डच्या फटीत खोचायचं, त्या फटीला स्लॉट १ म्हणत. कार्डाच्या कडेला दोन्ही बाजूंचे मिळून २४२ संपर्क. त्यांतल्या एकावर चिकटपट्टीचा तांदळाएवढा तुकडा होता. मला वाटलं कचरा. नखानं काढून टाकला.

मशीन सुरू केलं तर स्क्रीनवर ३००.

माझ्या पोटात गोळा आला. आप्पांच्या घामाचे पैसे आपण नखानं खरवडून टाकले, असंच वाटलं. तो तुकडा फरशीवरून शोधून काढला, मोठ्या मिनतवारीनं परत चिकटवला. ४५०. काढला, ३००. लावला, ४५०. रात्री अकरापर्यंत मी हेच करत बसले होते, आणि भीतीचं कुतूहल नेमकं केव्हा झालं ते माझं मलाच कळलं नाही.

मग हळूहळू उलगडलं. टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी सेलेरॉन ४५० नावाची वस्तू इंटेलनं तेव्हा काढलेलीच नव्हती. ४३३ होता, ४६६ होता, मधला ४५० नाही. आमच्याकडे आलेला होता सेलेरॉन ३००ए. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्या जगात या चिपचं नाव आजही लोक जरा आवाज खाली आणून घेतात.

त्याची गोष्ट अशी. एप्रिल १९९८ मध्ये इंटेलनं स्वस्तातला म्हणून जो पहिला सेलेरॉन काढला, त्यात दुसऱ्या पातळीची कॅश मेमरी, म्हणजे सतत लागणारी माहिती हाताशी ठेवायची जागा, मुळी नव्हतीच. पैसे वाचवायला काढून टाकली होती. चिप इतकी मंद निघाली की चेष्टा झाली. ती चूक निस्तरायला ऑगस्टमध्ये ३००ए आला, आणि इंटेल दुसऱ्या टोकाला गेली: १२८ केबी कॅश थेट चिपच्या पोटात, चिपच्याच पूर्ण वेगानं धावणारी. महागड्या पेंटियम टूची कॅश ५१२ केबीची, पण ती चिपबाहेर बसवलेली आणि निम्म्या वेगाची. म्हणजे धाकटीला कमी दिलं, पण ताजं दिलं. किंमत १४९ डॉलर. त्याच सुमाराला आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम टूला सहाशेवर मोजावे लागत.

आता गंमत बघा. चिपचा वेग म्हणजे बोर्डाचा ठेका गुणिले चिपचा गुणक. ३००ए चा गुणक साडेचार, आणि तो कुलूपबंद. बोर्डाचा ठेका ६६ मेगाहर्ट्झ, गुणिले साडेचार, झाले ३००. ठेका १०० केला तर त्याच गुणकानं बरोबर ४५०. आणि बोर्डावरचा ४४० बीएक्स हा चिपसेट १०० साठीच बनवलेला, त्यामुळं बाकी कशालाच ताण नाही. ठेका ६६ चा की १०० चा, हे चिप बोर्डाला एकाच संपर्कातून सांगायची: बी बाजूचा एकविसावा. सेलेरॉननं तो जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, बांधलेला असायचा, म्हणजे "६६". तोच झाकून टाकला की बोर्डाला काही ऐकूच येत नाही आणि तो १०० धरून चालतो. दीडशे मेगाहर्ट्झचा फरक, चिकटपट्टीच्या एका तुकड्यात.

आणि चिप हे झेपवायची. कारण तिच्यावर ३०० छापलं ते तिची ताकद संपली म्हणून नव्हे. पेंटियम टूही त्याच पाव मायक्रॉनच्या तंत्रानं बनत होता, पण स्वस्तातल्याला महागड्याच्या पंगतीला बसवायचं नव्हतं. ते ३०० इंजिनिअरपेक्षा विक्रीखात्याचं जास्त होतं.

हे सगळं मी आप्पांना समजावून सांगितलं. ते बिल खिशात घालून कोल्हापूरला गेले. दुकानदार म्हणे शांतपणे म्हणाला, "काका, स्क्रीनवर ४५० दिसतंय ना?" आप्पा संध्याकाळच्या एसटीनं परत आले, हातपाय धुतले, जेवले. झोपायच्या आधी एकदाच म्हणाले, "नेमप्लेट खोटी हाय. पर मोटार खरी हाय." त्या दोहोंचं काय करायचं हे त्यांना समजत नव्हतं. मला अजून पुरतं समजलेलं नाही.

मधली वीस वर्षं गाळते. नोकरी, लग्न, पुणे, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. आई गेल्यावर आप्पा माझ्याकडे राहायला आले. सामान दोन ट्रंका, रिवाइंडिंगची वही, आणि घड्याळ दुरुस्त करायचं सांगून आणलेलं एक खोकं. खोक्यात घड्याळ नव्हतं. त्यात जुन्या साडीत गुंडाळलेला तो सेलेरॉन होता, बोर्डासकट.

जुन्या हार्डवेअरच्या स्पर्धा असतात हे मला तोवर ऐकून माहीत होतं. एचडब्ल्यूबॉट नावाच्या जागतिक क्रमवारीत प्रत्येक चिपची स्वतंत्र यादी असते. आजच्या चिपशी तिची तुलना कुणी करत नाही; ३००ए ची झुंज ३००ए शीच. तालमीत वजनी गट असतात तसं. नव्या प्रोसेसरच्या गटात उतरायचं तर खिसा लागतो. इथं शंभर-दोनशे रुपयांची चिप लागते आणि रात्री जागायची तयारी.

चिप मिळवणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही. रविवारी जुन्या बाजारात, नाहीतर तपकीर गल्लीच्या आतल्या बोळांत भंगारातले बोर्ड किलोवर विकले जातात आणि आमची खरी चुरस सोनं काढणाऱ्यांशी असते. पट्ट्यांवरचा तो पिवळा मुलामा त्यांना हवा असतो. ॲसिडात टाकले की झालं. मी ढिगात हात घालून बसले की गल्ल्यावरचे काका ठरलेला प्रश्न विचारतात, "मिस्टरांसाठी का?" पहिल्या वर्षी मी खुलासे द्यायचे. आता "हो" म्हणते, भाव कमी लागतो. असे करत, घरचा धरून, अकरा ३००ए गोळा झाले.

गुण कशावर मिळतात? मला सर्वांत आवडते ती चाचणी सुपरपाय. तोक्यो विद्यापीठातल्या यासुमासा कानादा यांच्या पायच्या, म्हणजे गणितातल्या π च्या, आकडेमोडीतून निघालेला, १९९५ चा हा छोटासा प्रोग्रॅम. पायचे दहा लाखांवर अंक काढायचे, १९ फेऱ्यांत, आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायची. ग्राफिक्स नाही, दिखावा नाही, एक करडी खिडकी आणि तीत एकेक ओळ उमटत जाते. आजचे प्रोसेसर काही सेकंदांत उरकतात. सेलेरॉनला मिनिटंच्या मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ श्वास धरून बसावं लागतं.

चिपला वेग झेपेनासा झाला की ती दरवेळी बंदच पडते असं नाही. कधी कधी ती बेरीज चुकते. मग चौदाव्या फेरीला खिडकीत संदेश येतो, "नॉट एक्झॅक्ट इन राउंड". आप्पांना याचं फार अप्रूप. मोटार जास्त तापली की गुरगुरते, वास सोडते. ही बया नुसती हिशेब चुकते आणि वर प्रामाणिकपणे कबूलही करते.

वेग वाढवायचा तर चिपला दाब जास्त द्यावा लागतो. व्होल्टेजला आप्पा दाबच म्हणतात, आणि मला तो शब्द पटलाय. आतले ट्रान्झिस्टर शून्याचे एक आणि एकाचे शून्य होताना छोटे छोटे भाग भरतात आणि रिकामे होतात; दाब जास्त तर भरणं लवकर. पण उष्णता दाबाच्या वर्गानं वाढते. २.० चे २.४ केले तर दाब फक्त एकपंचमांश वाढला असं वाटतं, उष्णता मात्र १.४४ पट. त्यात वेग ३०० चा ५५८ झाला की आणखी १.८६ पट. गुणाकार केला तर पावणेतीनच्या जवळ. दहा अंशांच्या नियमावर जन्म काढलेल्या माणसासमोर हा गुणाकार कागदावर मांडताना मला लाज वाटली होती.

ग्राफिक्स कार्डाचं एक सांगून टाकते, कारण ते प्रकरण लवकर संपलं. जिफोर्स फोर टीआय ४२०० हे २००२ चं कार्ड. मूळ वेग २५० मेगाहर्ट्झ. त्याला दाब वाढवून देणारा मेनू नसतो. कार्डावर एक छोटा रेग्युलेटर असतो, तो आपलं आउटपुट दोन रेझिस्टरांतून स्वतःकडेच वळवून तपासत राहतो. त्यांतल्या जमिनीकडच्या रेझिस्टरचा अडथळा कमी केला की रेग्युलेटरला वाटतं आपण कमी देतोय, आणि तो बिचारा वाढवतो. अगदी गरिबाचा उपाय म्हणजे त्या रेझिस्टरवर मऊ शिशाची पेन्सिल घासणं. ग्रॅफाइटमधून थोडा करंट बाजूनं जातो, अडथळा उतरतो. मी मुलीच्या चित्रकलेच्या पेटीतली ६बी वापरली. पण पेन्सिलचा भरवसा नाही. भुकटी झडते, दाब आपोआप उतरत जातो. म्हणून शेवटी बारीक स्क्रूचा व्हेरिएबल रेझिस्टर डकवला, मूळ रेझिस्टरच्या वीसपट किमतीचा, आधी पूर्ण उघडा ठेवून, मीटरकडे बघत, पाव पाव वळसा. सगळं शिस्तीत केलं. आणि मग चालू मशीनमध्ये स्क्रू फिरवताना पेचकस घसरला. ठिणगी नाही, आवाज नाही. स्क्रीन काळा, आणि खोलीत एक आंबटसर वास. आप्पांनी नाक वर केलं. "वार्निश न्हाई," ते म्हणाले. "हे येगळं हाय." आणि चहा टाकायला उठले.

सेलेरॉनला मात्र असं काही डकवावं लागत नाही. त्याच्या कार्डावर पाच संपर्क असे आहेत की ज्यांतून तो बोर्डाला सांगतो, मला किती दाब हवा. बांधलेला म्हणजे शून्य, मोकळा म्हणजे एक. पाच अंकी सांकेतिक भाषा. ३००ए म्हणतो ००००१, म्हणजे २.० व्होल्ट. नेलपॉलिशनं आपण शून्याचा एक करू शकतो. एकाचं शून्य करायचं तर तार जोडावी लागेल. बोर्डाच्या सेटिंगच्या मेनूतून मनासारखा दाब मिळाला नाही की तो सोडून द्यायचा आणि चिपच्याच तोंडून जास्तीची मागणी वदवून घ्यायची. पहिले तीन झाकले की १११०१, म्हणजे २.२. पहिले दोन आणि चौथा झाकला की ११०११, म्हणजे २.४. मधलं २.३ नेलपॉलिशनं मिळतच नाही.

इथं खरी धडधड आहे. २.४ साठी तीन ठिपके. स्लॉटात खोचताना पहिला ठिपका खरवडला गेला तर बोर्ड ०१०११ वाचतो, दीड व्होल्ट देतो आणि मशीन गप्प बसतं. काही बिघडत नाही. तिसरा खरवडला गेला तर २.६. पण मधला खरवडला गेला तर वाचलं जातं १००११, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ ३.२ व्होल्ट. चिपला एका क्षणात जे मिळेल त्याला नेमप्लेटची भाषा लावायचीच सोय नाही. नखावरच्या टवक्याएवढ्या लाखेवर हे सगळं अवलंबून.

आप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी बसल्या जागी फर्मान काढलं: कार्ड खोचायचं, काढायचं, मीटरनं पाचही संपर्क बघायचे, पुन्हा खोचायचं. आणि पहिली सुरुवात चांगल्या चिपवर नाही, अकरांतल्या सगळ्यांत टाकाऊ चिपवर. शिवाय सिरीज दिवा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दुरुस्त केलेली वस्तू थेट मेनला लावायची नाही, मध्ये शंभर वॉटचा बल्ब ठेवायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि वस्तू वाचते. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला हा प्रकार कितपत लागू, यावर मी त्यांच्याशी अर्धा तास वाद घातला. मग त्यांनी लावला. बल्ब क्षणभर लखलखला, कपॅसिटर भरले, आणि मंद झाला. "बघ," ते म्हणाले. काय बघायचं ते मला कळलं नाही, पण त्यानंतर बल्ब टेबलावरच राहिला.

अकरा चिप्स तपासायला एक हिवाळा गेला. नुसत्या पंख्यावर, २.० व्होल्टला, सगळ्या ४५० ला चालल्या. हा ३००ए चा लौकिक खोटा नाही. पुढं ठेका ११२ केला की ५०४ होतात, तिथं सात गळाल्या. उरलेल्या चौघींत सगळ्यांत कमी दाबात ५०४ झेलणारी कोण निघावी? जुन्या साडीतली. घरची.

आठ दिवस मी तिला हात लावला नाही. जुनी यंत्रं जपणाऱ्यांचा एक पंथ आहे, त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही: ही चिप आता बनत नाही, जगात जेवढ्या उरल्या तेवढ्याच, आणि तुम्ही चार मेगाहर्ट्झसाठी त्या जाळता. भंगारातली जाळताना मी त्यांना उत्तर द्यायचे की मी नसते तर ती ॲसिडात गेली असती. या चिपबद्दल ते उत्तर चालत नव्हतं. तिच्यावर मी सी शिकले, प्रोजेक्ट केला, पहिल्या नोकरीचा अर्ज टाइप केला. आणि ती त्या बिलावरची आहे.

शेवटी आप्पांनाच विचारलं. ते वही चाळत होते. मान वर न करता म्हणाले, "साडीत गुंडाळून ठिवली व्हती ती आईनं. मी न्हाई." मग थोड्या वेळानं, "दुकानात कधी नवी मोटार शोकेसला ठिवलेली बघितलीस का तू माझ्या?"

याला परवानगी म्हणायची की नाही, माहीत नाही. मी तशी धरली.

थंडाव्याचा प्रश्न होता. पहिला विचार द्रव नायट्रोजनचा, उणे १९६ अंश. माझा मामेभाऊ जनावरांच्या दवाखान्यात आहे. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या रेतमात्रा त्यातच ठेवतात, मोटारसायकलला कॅन बांधून गावोगाव नेतात. त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, ते गाईंचं आहे." विषय संपला, आणि बरोबरच संपला. मग कोरडा बर्फ, उणे ७८. लग्नात नवरानवरी स्टेजवर येताना पायाशी ढग सोडतात, तो याचाच. दहा किलो आणला. चिपवर ठेवायचं तांब्याचं भांडं आप्पांनी इचलकरंजीच्या ओळखीच्या लेथवाल्याकडून तांब्याच्या गोल दांड्यातून कोरून आणवलं, माप फोनवर सांगून. बर्फाचे खडे करून भांड्यात टाकायचे, वर थोडं ॲसिटोन, म्हणजे थंडी तांब्याला नीट चिकटते. खिडक्या सगळ्या उघड्या, कारण बर्फाचा वायू खोलीत साचला तर माणूस गुदमरतो, आणि ॲसिटोन पेट घेतं म्हणून गॅस, उदबत्ती, सिरीज दिवा सगळं बंद. आप्पांनी दिवा नाइलाजानं बाजूला केला.

दिवस मेचा निवडला होता. पावसाळ्यात हवेतला ओलावा थंड भांड्यावर दंव होऊन बसतो आणि ते पाणी बोर्डावर उतरतं. तरीही स्लॉटाभोवती व्हॅसलीन थापलं, एसीच्या पाइपावर चढवतात तो काळा फोम कापून बसवला. बोर्ड लग्नातल्या उटणं लावलेल्या नवरीसारखा दिसत होता. नेलपॉलिशचे तीन ठिपके, दोन दोन हात. पाचही संपर्क मीटरवर दोनदा बघितले. ठेका १२४. ग्राफिक्स कार्डाचा ठेकाही त्याच्याबरोबर ६६ चा ८२ वर चढतो, म्हणून मुद्दाम सोसणारं कार्ड लावलेलं.

५५८. स्क्रीनवर आकडा आला तेव्हा मी काहीच बोलले नाही. सुपरपाय सुरू केला. एकेक ओळ. भांड्यातून पांढरा धूर टेबलावरून खाली फरशीवर सांडत होता आणि आप्पा पाय वर घेऊन खुर्चीत बसले होते. तेराव्या फेरीला बर्फ संपत आला, मी खडे टाकले. पंधरा. सोळा. माझा अंगठा आपोआप चिकटपट्टीच्या त्या जुन्या तुकड्यावर गेला, तो मी मॉनिटरच्या कडेला लावून ठेवलाय. एकोणिसावी फेरी आली आणि खिडकीत साधासा संदेश आला, की आकडेमोड पूर्ण झाली.

यादीत माझ्या एका घरावर एक ग्रीक गडी आहे. मी त्याच्या चार दशांश सेकंदांनी मागं राहिले.

त्यानंतर तीन आठवडे चिप खोक्यात होती. मग एका रविवारी सहज, नुसता पंखा लावून, ठिपके पुसून, २.० व्होल्टवर तिला ४५० ला लावलं. म्हणजे गेली वीस-बावीस वर्षं ती जे डोळे मिटून करत आली तेच. सोळाव्या फेरीला "नॉट एक्झॅक्ट इन राउंड". पुन्हा लावलं. अकराव्याला.

याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. चिपच्या आतल्या ॲल्युमिनियमच्या तारा केसाहून कितीतरी बारीक. त्यातून करंट जोरानं वाहिला की इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना धक्के देत पुढं ढकलत नेतात. पुराच्या पाण्यानं पंचगंगेचा काठ खाल्ला जातो तसं. एका जागी खड्डा, पुढं कुठंतरी गाळ. मोटोरोलातल्या जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये याचं गणित मांडलं, आणि त्या गणितात करंटचा वर्ग आहे, तापमान घातांकात आहे. बर्फानं तापमानाची बाजू सांभाळली होती, करंटची बाजू उघडी होती. शिवाय वाढीव दाबानं ट्रान्झिस्टरांची आतली पातळ पापुद्र्यासारखी इन्सुलेशनही थकते. नेमकं काय झालं हे चिप फोडल्याशिवाय कळणार नाही आणि मी ती फोडणार नाही.

मेनूतून २.०५ दिलं. अठराव्या फेरीला अडली. २.१ दिलं. पार पडली.

आप्पांनी वही मागवली. रिवाइंडिंगचीच ती, मागच्या कोऱ्या पानांवर त्यांनी अकराही चिप्सची नोंद ठेवलीय, मला न सांगता. रकाने त्यांचे नेहमीचे: नेमप्लेट, चाल, दाब. घरच्या चिपच्या ओळीत नेमप्लेट ३००, चाल ४५०, दाब २.०. त्यांनी चष्मा चढवला, दाबाच्या रकान्यातल्या आकड्यावर एक रेघ मारली आणि शेजारी थरथरत्या अक्षरात २.१ लिहिलं. तारीख घातली. शाई वाळेपर्यंत वही उघडी धरून बसले.

"त्यो ग्रीसचा," ते म्हणाले, "त्याची चिप कुठल्या सालातली असंल?"

"तेव्हाचीच की आप्पा. सगळ्या तेव्हाच्याच."

"मग त्याचीबी थकली असंल."

मी नेलपॉलिशची बाटली खणात ठेवायला घेतली, तर म्हणाले, असू दे वर.